आधी बेत, मग यादी

दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेत एक मोठा सोहळा होतो. त्यात चेंडू नसतो, मैदान नसते, कोणी धावत नाही की कोणी पडत नाही. व्यासपीठावर एक गृहस्थ येतात, हातातल्या चिठ्ठीवरचे नाव वाचतात आणि समोरची गर्दी एक तर जल्लोष करते किंवा कपाळावर हात मारून घेते. तीन दिवस हे चालते आणि लाखो लोक ते टीव्हीवर पाहतात. या सोहळ्याला म्हणतात 'ड्राफ्ट'. कॉलेजातून खेळून बाहेर पडलेल्या तरुणांची तिथले व्यावसायिक फुटबॉल संघ पाळीपाळीने निवड करतात, ती ही वेळ.

ज्यांची मुले-नातवंडे तिकडे स्थायिक झाली आहेत त्यांच्या कानावर हा शब्द कधी ना कधी पडलेला असतो. "आजी, आमच्या टीमला यंदा कॉर्नर हवाय," असे नातू फोनवर सांगतो आणि आजी "मिळेल हो बाळा" म्हणून वेळ मारून नेते. आजचा हा लेख त्या आजींसाठी, आजोबांसाठी आणि माणसांची निवड करण्याची वेळ ज्यांच्यावर येते त्या सर्वांसाठी आहे. कारण संघाला कोण हवे हे ठरवण्याआधी संघाला काय करायचे आहे हे ठरवावे लागते. ही साधी गोष्ट भल्याभल्यांच्या ध्यानात राहत नाही. सिएटल शहराच्या 'सीहॉक्स' या संघाने ती ध्यानात ठेवली, तेव्हा काय घडले आणि पुढे त्याचे काय झाले, ती कहाणी पाहण्याजोगी आहे.

बोली नव्हे, पाळी

आपल्याकडे २००८ साली आयपीएल आले आणि खेळाडूंवर बोली लावण्याचा प्रकार घरोघरी माहीत झाला. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. आणि ती पाळी उलटी असते. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत तळाला राहिला त्याला पहिली निवड मिळते. विजेत्याची पाळी शेवटी येते. एकूण बत्तीस संघ आणि सात फेऱ्या. ही युक्ती काढली फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी. श्रीमंत संघ चांगले खेळाडू पळवतात आणि गरीब संघ गरीबच राहतात, हे पाहून त्यांनी १९३५ साली हा प्रस्ताव मांडला आणि १९३६च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियातील एका हॉटेलात पहिली निवड झाली. गंमत अशी की, त्या दिवशी पहिला निवडला गेलेला जे बरवांगर हा खेळाडू व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही! निवड आणि नशीब यांची गाठ अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

या पद्धतीला दुसरी बाजूही आहे. कुठल्या गावी जायचे, कोणाकडून खेळायचे, हे तरुण खेळाडूला ठरवता येत नाही. ज्याने नाव पुकारले त्याच्या घरी जायचे. २०११ सालापासून या नवख्यांचे करार चार वर्षांचे असतात आणि निवडीचा क्रमांक जितका मागे तितका पैसा कमी. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

कबड्डीच्या वाटेने

अमेरिकन फुटबॉल पाहताना आपल्याला वाटते की ही नुसती झोंबाझोंबी. पण कबड्डी जाणणाऱ्या माणसाला हा खेळ समजायला वेळ लागू नये. तिथेही एक बाजू चढाई करते, दुसरी पकड करते. चढाई करणाऱ्या अकरा जणांना चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा असतो. नेला की पुन्हा चार प्रयत्न. असे करत करत शंभर यार्डांच्या मैदानाचा शेवट गाठला की सहा गुण. चेंडू हातात घेऊन पळता येतो किंवा लांब फेकून पुढे धावणाऱ्या साथीदाराच्या हाती देता येतो. फेकणारा तो 'क्वार्टरबॅक'. संघाचा सगळा डाव त्याच्या हातात.

बचाव करणाऱ्या अकरा जणांच्या साधारण तीन ओळी असतात. पहिल्या ओळीत चार धिप्पाड गडी. समोरची भिंत फोडून क्वार्टरबॅकपर्यंत पोचणे हे त्यांचे काम. त्यांच्या मागे तिघे, पळणाऱ्याला अडवणारे. आणि सर्वांत मागे चौघे. यांपैकी दोघे मैदानाच्या दोन्ही कडांना उभे असतात, ते 'कॉर्नर'. आपल्या कबड्डीतल्या कोपरारक्षकांसारखे. उरलेले दोघे 'सेफ्टी', म्हणजे सर्वांच्या पाठीमागचे राखणदार. समोरच्याचा लांब फेकलेला चेंडू झेलला जाऊ नये, ही या चौघांवरची मुख्य जबाबदारी.

आता कबड्डीत जसे प्रत्येक संघाचे तंत्र वेगळे, कोणी साखळी करून पकड करतो तर कोणी कोपऱ्यातून पाय धरतो, तसे इथेही आहे. कुठे कोणी उभे राहायचे, कोणी माणसाला चिकटायचे आणि कोणी जागा राखायची, याचा आराखडा म्हणजे संघाची बचावाची योजना. आणि योजनेप्रमाणे माणूस बदलतो. एकाच जागेसाठी एका संघाला चपळ, बुटका गडी लागतो तर दुसऱ्याला उंच, दांडगा. म्हणून "आम्हाला कॉर्नर हवा" हे वाक्य अर्धवट आहे. "कशासाठी हवा?" हा प्रश्न विचारल्याशिवाय ते पुरे होत नाही.

घरातल्या कर्त्या बाईला हे सांगायला नको. ती वाण्याची यादी करण्याआधी बेत ठरवते. पुरणपोळीचा बेत असेल तर हरभऱ्याची डाळ आणि गूळ. बिर्याणीचा असेल तर यादी निराळी. बेत न ठरवता बाजारात गेलेला माणूस मात्र जे स्वस्त दिसेल, जे शेजाऱ्याने घेतले असेल, ते पिशवीत भरून येतो आणि संध्याकाळी घरात सगळे असूनही स्वयंपाक काही होत नाही. व्यावसायिक संघांचेही दरवर्षी असेच होते.

सिएटलचा बेत

२००९च्या हंगामात सीहॉक्सने सोळा सामन्यांपैकी अकरा गमावले. २०१०च्या जानेवारीत पीट कॅरल हे नवे प्रशिक्षक आले आणि खेळाडूंच्या खरेदी-निवडीसाठी जॉन श्नायडर हे व्यवस्थापक आले. कॅरल तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. याआधी व्यावसायिक फुटबॉलमध्ये दोन संघांनी त्यांना मुख्य प्रशिक्षकपदावरून काढले होते. एकाने तर एकाच वर्षात. नंतर कॉलेजच्या फुटबॉलमध्ये त्यांनी मोठे नाव मिळवले. तरुणपणी ते स्वतः सेफ्टीच्या जागी खेळत आणि बचाव हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय.

त्यांची योजना ऐकायला अगदी साधी. मैदानाच्या मागच्या भागाचे तीन उभे पट्टे करायचे. दोन कडांचे पट्टे दोन कॉर्नरनी सांभाळायचे, मधला एका सेफ्टीने. चौघांनी पुढून धडक मारायची आणि उरलेल्या चौघांनी मधली जागा राखायची. चार, चार आणि तीन, झाले अकरा. ही 'तीन पट्ट्यांची राखण' अमेरिकेतल्या शाळांचे संघही खेळतात. तिच्यात गुपित असे काहीच नाही. समोरच्याला आधीच ठाऊक असते की हे असेच उभे राहणार.

मग वेगळेपण कुठे होते? प्रत्येक जागी नेमका कसा माणूस हवा, याबद्दल कॅरल यांच्या मनात संदेह नव्हता. कडेचा कॉर्नर त्यांना उंच आणि लांब हातांचा हवा होता. समोरच्या खेळाडूला सुरुवातीलाच छातीवर थोपवायचे, त्याला कडेच्या रेषेला दाबत न्यायचे आणि चेंडू वर आला की हात उंचावून उडवायचा. इतर संघ कॉर्नर निवडताना चपळाई आणि वेग पाहत. सहा फुटांहून उंच गडी पटकन वळू शकत नाही, म्हणून त्याला मागे ठेवत. कॅरल म्हणत, कडेची रेषा हीच आमची मदतनीस. आम्हाला हात लांब हवेत.

मधल्या पट्ट्यात एकच माणूस. त्याला या कडेपासून त्या कडेपर्यंत धावत जायचे, म्हणजे तो विजेसारखा वेगवान हवा. आणि तो एकटा मागे पुरेसा असेल तरच दुसऱ्या सेफ्टीला पुढे आणता येईल. तो पळणाऱ्याला अडवणारा आठवा गडी. म्हणून हा दुसरा वेगात थोडा कमी चालेल, पण अंगाने दणकट हवा. एकाचे बळ दुसऱ्याची उणीव झाकते, अशी ही रचना.

इतरांनी टाकलेला माल

बेत ठरला, यादी झाली. आता बाजार पाहू.

मधल्या पट्ट्यासाठी २०१०च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत, चौदाव्या क्रमांकावर, अर्ल थॉमस हा टेक्सास विद्यापीठाचा खेळाडू घेतला. उंची पाच फूट दहा इंच, पण वेग अचाट. इथे सिएटलने पूर्ण किंमत मोजली, कारण या जागी तडजोड केली असती तर सगळा डावच कोसळला असता. ही चौदावी निवड मुळात डेन्व्हर संघाची होती. २००९ साली डेन्व्हरला एक कॉर्नर तातडीने हवा होता, म्हणून त्यांनी पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड सिएटलला देऊन टाकली. तो कॉर्नर डेन्व्हरकडे एकच वर्ष टिकला. घाईची गरज काय भावाने पडते, याचे हे नमुनेदार उदाहरण. या डेन्व्हरची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

दणकट सेफ्टी मिळाला त्याच वर्षी पाचव्या फेरीत, १३३व्या क्रमांकावर: कॅम चॅन्सलर. सहा फूट तीन इंच आणि जवळपास १०४ किलो. सेफ्टीसाठी हा फार मोठा, फार जड, असे इतरांचे मत. सिएटलच्या बेतात मात्र तोच गुण.

उंच कॉर्नर मिळाला २०११ साली, पाचव्याच फेरीत, १५४व्या क्रमांकावर. रिचर्ड शर्मन. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन या कष्टकरी वस्तीत वाढलेला, अभ्यासाच्या जोरावर स्टॅनफर्ड विद्यापीठात गेलेला. तिथे तो आधी चेंडू झेलणारा होता, नंतर कॉर्नर झाला. त्या जागेचा अनुभव थोडा, उंची सहा फूट तीन इंच. त्याच्या आधी १५३ तरुणांची नावे पुकारली गेली आणि ते त्याने कधी विसरू दिले नाही.

दुसऱ्या कडेचा ब्रँडन ब्राउनर तर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतला नव्हता. २००५ साली तो डेन्व्हरकडे गेला, पुढच्या वर्षी त्यांनी सोडून दिले. मग तो कॅनडाच्या लीगमध्ये कॅल्गरीकडून चार हंगाम खेळला. सहा फूट चार इंच उंचीच्या या गड्याला सिएटलने २०११ साली बोलावले. त्याच वर्षी तो देशातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात पोचला.

कधी कधी तर बाहेरून माणूस आणण्याचीही गरज पडली नाही. रेड ब्रायंट हा आधीपासून संघातच होता, पहिल्या ओळीत मध्यभागी, बहुतेक वेळ बाकावर. त्याला कॅरल यांनी कडेला हलवले. कडेला सहसा हलका, चपळ गडी ठेवतात. पण एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला वेग, असा बेत असल्यामुळे हा धिप्पाड, वजनदार माणूस तिथे फिट बसला. घरातलीच वस्तू, फक्त जागा बदलली.

२०१२ साली दुसऱ्या फेरीत बॉबी वॅग्नर आला. मधल्या ओळीचा तो पुढे अनेक वर्षे कणा ठरला. तिसऱ्या फेरीत रसेल विल्सन हा क्वार्टरबॅक आला. उंची सहा फूटही नाही म्हणून मागे राहिलेला. त्या ड्राफ्टनंतर काही पंडितांनी सिएटलला चक्क नापास केले होते. पंडितांचे चुकले ते इथे: त्यांच्या हातात सर्वसाधारण बाजारभावाची यादी होती, सिएटलच्या स्वयंपाकघरातला बेत त्यांना ठाऊक नव्हता.

परीक्षेचा दिवस

मागच्या चौघांना लोकांनी 'लीजन ऑफ बूम' असे टोपणनाव दिले. धडाडधूम पलटण म्हणा ना! २०१२ ते २०१५ असे सलग चार हंगाम सर्वांत कमी गुण देणारा संघ सिएटल होता. १९५०च्या दशकातल्या क्लीव्हलँडच्या संघानंतर हे कोणाला जमले नव्हते.

१९ जानेवारी २०१४. अंतिम फेरीच्या दारात सॅन फ्रान्सिस्कोशी सामना. सिएटल २३-१७ असे पुढे, पण शेवटच्या अर्ध्या मिनिटात चेंडू सॅन फ्रान्सिस्कोकडे, शेवटच्या रेषेच्या अगदी जवळ. त्यांच्या क्वार्टरबॅकने कोपऱ्यात चेंडू टाकला. तिथे शर्मन होता. त्याने झेप घेऊन डावा हात उंचावला, बोटांनी चेंडू उडवला आणि तो मागून आलेल्या माल्कम स्मिथने झेलला. सामना संपला. समोरच्या संघाचे प्रशिक्षक जिम हार्बो हे स्टॅनफर्डमध्ये शर्मनचेच प्रशिक्षक होते. लांब हात कशासाठी हवे होते, या प्रश्नाचे उत्तर त्या एका क्षणात मिळाले.

२ फेब्रुवारी २०१४ रोजी न्यू जर्सीत अंतिम सामना झाला, डेन्व्हरशी. डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याने त्या हंगामात विक्रमी ५५ वेळा चेंडू फेकून सहा-सहा गुण मिळवून दिले होते आणि संघाने ६०६ गुण केले होते. तोही विक्रमच. एका बाजूला इतिहासातली सर्वांत तिखट चढाई, दुसऱ्या बाजूला सर्वांत कडक पकड. सगळ्यांना अटीतटीचा सामना अपेक्षित होता. पहिल्याच खेळीत चेंडू मॅनिंगच्या डोक्यावरून मागे गेला आणि सिएटलला फुकटचे दोन गुण मिळाले. मध्यंतराला २२-०, शेवटी ४३-८. ज्या डेन्व्हरच्या निवडीवर सिएटलने अर्ल थॉमस घेतला होता, त्याच डेन्व्हरपुढे तो मधला पट्टा राखत उभा होता.

सामन्याचा मानकरी ठरला तोच माल्कम स्मिथ. २०११च्या ड्राफ्टमध्ये एकूण २५४ खेळाडू निवडले गेले, त्यांत याचा क्रमांक २४२ होता. ब्राउनर त्या वेळी निलंबित होता; त्याच्या जागी उभा राहिला बायरन मॅक्सवेल, सहाव्या फेरीतला. बाकावरचा माणूसही बेत पाहूनच आणलेला असला की ऐन पंगतीत फजिती होत नाही.

स्वस्ताई संपते तेव्हा

इथे गोष्ट संपवली असती तर ती परीकथा झाली असती. खरी परीक्षा पुढेच होती.

या लीगमध्ये प्रत्येक संघाने पगारावर किती खर्च करायचा याला मर्यादा असते. २०१३ साली ती १२ कोटी ३० लाख डॉलर होती. शर्मन, चॅन्सलर, विल्सन ही मंडळी मागच्या फेऱ्यांतली, म्हणून पहिली काही वर्षे कमी पगारात खेळत होती. विजेतेपदाच्या वर्षी शर्मन आणि विल्सन यांचा पगार दहा लाख डॉलरच्याही आत होता. त्या बचतीतून सिएटलने इतर जागी महागडे खेळाडू आणले. पण यशस्वी माणूस आपली खरी किंमत मागतो आणि मागावीच. शरीर झिजवणाऱ्या या खेळात कमाईची वर्षे थोडी. शर्मन, थॉमस, विल्सन यांचे मोठे करार झाले आणि मग इतरांसाठी तिजोरीत जागा उरली नाही. ब्रायंट गेला, ब्राउनर गेला, वर्षभराने स्मिथ आणि मॅक्सवेल गेले.

१ फेब्रुवारी २०१५ रोजी ॲरिझोनातल्या ग्लेंडेल इथे सिएटल सलग दुसऱ्या वर्षी अंतिम सामना खेळत होते, न्यू इंग्लंडशी. थॉमसचा खांदा, शर्मनचे कोपर, चॅन्सलरचा गुडघा, तिन्ही दुखावलेले. पहिल्याच सत्रात तिसऱ्या कॉर्नरचा हात मोडला. त्याच्या जागी आला थॅरल्ड सायमन. पाचव्या फेरीतला, सहा फूट तीन इंच, लांब हातांचा. म्हणजे यादीत लिहिले होते तसाच! पण न्यू इंग्लंडने त्यालाच लक्ष्य केले आणि २४-१४ ची पिछाडी भरून काढताना निर्णायक गुणही त्याच्याच पट्ट्यातून घेतले. उंची मोजता येते, हात मोजता येतात. पण शर्मनच्या ठिकाणी असलेली खेळ वाचण्याची नजर आणि जिद्द कुठल्या फूटपट्टीने मोजणार? यादी हवीच, पण यादीतला शब्द म्हणजे वस्तू नव्हे.

तरीही सिएटलला जिंकण्याची संधी होती. शेवटचे काही सेकंद, चेंडू एका यार्डावर. विल्सनने चेंडू फेकला आणि माल्कम बटलर या नवख्या कॉर्नरने पुढे झेपावून तो पळवला. २८-२४, न्यू इंग्लंड विजयी. बटलरला ड्राफ्टमध्ये कोणीही निवडले नव्हते. आणि त्या खेळीत त्याच्या वाटेत येऊ पाहणाऱ्या सिएटलच्या खेळाडूला छातीवर थोपवून धरले होते ते कोणी? ब्रँडन ब्राउनरने. वर्षभरापूर्वी सिएटलने जाऊ दिलेला तोच उंच कॉर्नर! जी विद्या सिएटलने शिकवली, तीच त्या क्षणी त्यांच्या विरुद्ध उभी राहिली.

पुढे बाजारही बदलला. सिएटलचे पाहून सगळ्याच संघांना उंच कॉर्नर हवे झाले आणि पाचव्या फेरीतली स्वस्ताई आटली. कॅरल यांचे सहायक इतर संघांचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि तीच योजना घेऊन गेले. त्यांतल्या गस ब्रॅडली यांना जॅक्सनव्हिलमध्ये चार हंगामांत १४ विजय आणि ४८ पराभव पाहावे लागले. बेत तोच, पण माणसे ती नव्हती.

सिएटलचीही माणसे संपत आली. ९ नोव्हेंबर २०१७ रोजी ग्लेंडेलच्या त्याच मैदानावर शर्मनच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि त्याच सामन्यात चॅन्सलरच्या मानेला इजा झाली. चॅन्सलर पुन्हा कधी खेळू शकला नाही. मार्च २०१८ मध्ये संघाने शर्मनला मोकळे केले. उरला थॉमस. तो नवा करार मागत होता, संघ देत नव्हता. ३० सप्टेंबर २०१८ रोजी, पुन्हा त्याच ग्लेंडेलमध्ये, त्याचा पाय मोडला. गाडीवरून बाहेर नेले जात असताना त्याने स्वतःच्याच संघाच्या बाकाकडे पाहून असभ्य खूण केली. ती खूण वाईटच. पण चार-साडेचार वर्षांपूर्वी ज्याच्या जोरावर चषक उचलला, त्याचा शेवट असा व्हावा, हे त्याहून वाईट. कागदावरच्या जागेत जिवंत माणूस उभा असतो आणि त्याची हाडे मोडतात, हे योजना आखणाऱ्यांनी विसरू नये.

पुन्हा नवी यादी

मधल्या काळात सिएटलने पहिल्या फेरीच्या काही निवडी तयार, नामांकित खेळाडूंसाठी देऊन टाकल्या. २०१३ची पर्सी हार्विनसाठी, २०१५ची जिमी ग्रॅहमसाठी. दोघेही चढाईचे खेळाडू. हार्विन दीड वर्षात दुसरीकडे पाठवला गेला. ज्या ड्राफ्टने घर उभे केले त्याच्याकडेच दुर्लक्ष झाले, असे म्हणावे लागते. जुने खांब झिजत असताना नवे रुजवायला हवे होते. आंब्याची कलमे आज लावावीत तेव्हा काही वर्षांनी फळ मिळते; फळ संपल्यावर कलम लावून काय उपयोग?

२०२४च्या जानेवारीत कॅरल यांचे चौदा वर्षांचे पर्व संपले. त्यांच्या जागी आले माइक मॅक्डॉनल्ड, तेही बचावाचेच अभ्यासक, पण पद्धत निराळी. तीन पट्ट्यांची साधी, उघड राखण हा त्यांचा मार्ग नव्हे. दोन सेफ्टी मागे ठेवायचे आणि कोण पुढे येणार, कोण मागे जाणार हे शेवटपर्यंत लपवायचे, असे त्यांचे तंत्र. अशा तंत्रात पहिल्या ओळीच्या मध्यभागी असे गडी लागतात, जे मागच्यांच्या मदतीशिवाय भिंत फोडतील. त्यांच्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये, सोळाव्या क्रमांकावर, सिएटलने तेच केले. बायरन मर्फी या पहिल्या ओळीतल्या खेळाडूची निवड झाली. संघ तोच, निवड करणारे श्नायडरही तेच. बेत बदलला, तशी यादी बदलली.

तेव्हा पुढच्या एप्रिलमध्ये सिएटलहून किंवा आणखी कुठून नातवाचा फोन आला आणि "आमच्या टीमला यंदा अमुक हवाय" असे तो म्हणाला, तर त्याला एवढेच विचारावे, "कशासाठी रे? बेत काय आहे?" तो क्षणभर गप्प होईल. मग उत्साहाने तासभर सांगत बसेल. आणि आपल्याही घरात, कचेरीत, मंडळात एखादी जागा भरायची वेळ आली की तोच प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही. खुर्ची रिकामी आहे म्हणून माणूस आणायचा की काम ठरवून माणूस शोधायचा? दुसऱ्या वाटेने गेले, तर इतरांनी नाकारलेल्या १५४व्या क्रमांकाच्या तरुणातही आपल्याला हवा तो माणूस सापडतो. आणि सापडला की त्याला जपावेही लागते.